चष्म्यातला बंदोबस्त : प्रस्तावना

रामनवमीची शोभायात्रा सीतारामबागेच्या देवळातून निघते. मंगळहाट, पुरानापूल, बेगमबाजार, गौलीगुडा, पुतळीबावली असा वळसा घेत ती कोठीवरून सुलतान बाजारात शिरते आणि हनुमान व्यायामशाळेच्या मैदानात संपते. बंदोबस्ताच्या दृष्टीने हा शेवटचा टप्पाच सगळ्यात अवघड. माणसे दमलेली असतात, आवाज टिपेला गेलेला असतो, सकाळपासून उभ्या असलेल्या शिपायाचे पाय भरून आलेले असतात. तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून कोणीतरी गर्दीत मोटरसायकल घालतो. धक्का लागतो, शिवी जाते, चार मोबाइल वर होतात. तिथे उभ्या असलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या शिपायाला जे करायचे ते पुढच्या वीसेक सेकंदांत करायचे असते. आधी कोणाशी बोलायचे, कोणाला मागे घ्यायचे, काठी कुठे धरायची, वायरलेसवर काय सांगायचे, हे सगळे त्याला एकाच वेळी ठरवायचे असते.

हे त्याला शिकवले कोणी? नऊ महिन्यांच्या मूलभूत प्रशिक्षणात त्याने कवायत केली, कलमे पाठ केली, रायफल उघडून जोडली, जमाव पांगवण्याचे प्रात्यक्षिकही मैदानावर केले. पण त्या प्रात्यक्षिकातला जमाव म्हणजे त्याच्याच तुकडीतले मित्र. उस्तादांची एक शिट्टी झाली की ते घोषणा देतात, दुसरी झाली की पळतात. खरा जमाव शिट्टीवर चालत नाही. मैदान आणि गल्ली यांच्यामधल्या या अंतराबद्दल हे पुस्तक आहे. आभासी वास्तव, म्हणजे आता सगळेच ज्याला व्हीआर म्हणतात ते तंत्र, हे अंतर किती कमी करू शकते आणि कुठे ते हात टेकते, याचा शोध लेखकांनी घेतला आहे. त्यासाठी देशभरची उदाहरणे गोळा न करता त्यांनी एकाच ठाण्याची हद्द धरली: सुलतान बाजार.

ही निवड मला पटली. हैदराबादबाहेरच्या मराठी वाचकांसाठी तिची पार्श्वभूमी थोडी सांगायला हवी. १९३३ पर्यंत हा भाग रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जाई. निजामाच्या राजधानीत असूनही इथला कारभार ब्रिटिश रेसिडेंटाकडे होता. १९३३ साली तो निजामाकडे परत आला आणि नाव बदलले. त्याच्या कितीतरी आधी, १८५७ च्या उठावात, १७ जुलै रोजी बंडखोर तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी रेसिडेंटाच्या निवासावर, म्हणजे रेसिडेन्सीवर, चाल केली ती पुतळीबावलीच्या बाजूने. रेसिडेन्सीवर नजर आणि नेम दोन्ही ठेवता येतील अशी दोन घरे त्यांनी आधी ताब्यात घेतली होती. आजही या भागात मोठा बंदोबस्त लागला की गच्च्यांवर माणसे नेमावीच लागतात. गल्ल्यांची रुंदी आणि घरांची उंची यांचे इथले गणित फारसे बदललेले नाही. मेट्रोचे खांब या बाजारातून नेऊ नयेत म्हणून व्यापारी वर्षानुवर्षे का झगडले, ते एकदा इथल्या बडी चावडीतून चालत गेल्यावर न सांगता कळते. अखेर फेब्रुवारी २०२० मध्ये मेट्रो धावलीच आणि सुलतान बाजार नावाचे स्थानकही झाले.

मराठी माणसाला हा भाग परका नाही. केशवराव कोरटकरांच्या पिढीने उभी केलेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था इथून हाकेच्या अंतरावर आहे, मराठी ग्रंथसंग्रहालय इसामिया बाजारात आहे. १९०१ साली स्थापन झालेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय याच बाजारात आहे आणि आर्य समाजाचे मंदिरही. दुकानदार मारवाडी, हातगाडीवाला दखनी बोलणारा, गिऱ्हाईक तेलंगणाच्या खेड्यातून आलेले, आणि लग्नसराईत नांदेड-लातूरकडून बस्ता बांधायला आलेली मराठी कुटुंबे. शिपाई बहुधा नलगोंड्याचा किंवा महबूबनगरचा. यांच्यातले भांडण कोणत्या भाषेत सुरू होईल आणि कोणत्या भाषेत मिटेल, हे आधी सांगता येत नाही.

या बाजाराची दुसरी आठवण दुःखाची आहे. २५ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी कोठीतल्या गोकुळ चाटमध्ये आणि लुंबिनी पार्कमध्ये स्फोट झाले. दोन्ही ठिकाणी मिळून चाळीसहून अधिक माणसे गेली. दिलसुखनगरला न फुटलेला आणखी एक बॉम्ब सापडला. अशा स्फोटानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत जवळच्या चौकातला साधा शिपाई घटनास्थळी पोचतो. बॉम्बशोधक पथक, न्यायवैद्यक तज्ज्ञ, वरिष्ठ अधिकारी हे सगळे नंतरचे. त्याला जखमी उचलायचे असतात, बघ्यांना मागे सारायचे असते, दुसरा स्फोट होऊ शकतो हे ध्यानात ठेवायचे असते आणि पुरावा पायाखाली जाऊ द्यायचा नसतो. चारही कामे एकदम, आणि त्यांतली पहिली दोन शेवटच्या दोनांच्या आड येणारी. याचा सराव प्रत्यक्ष कोठीत कसा करणार? बाजार बंद ठेवून, धूर सोडून, शंभर माणसांना आरडाओरडा करायला लावून? वर्षातून एखादी रंगीत तालीम होते. तीत वरिष्ठांना सराव मिळतो, शिपाई दोर धरून उभा राहतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलेन्सन यांनी या तंत्राच्या वापरासाठी एक साधी चाळणी सुचवली आहे. जी गोष्ट प्रत्यक्षात करून पाहणे धोक्याचे, अशक्य, नुकसानीचे किंवा फार खर्चाचे आहे, तिच्यासाठीच व्हीआर वापरावे. बाकीचे साध्या पद्धतीने शिकवावे. स्फोटानंतरचा गोकुळ चाट या चाळणीतून आरपार जातो. सॅल्यूट कसा ठोकावा, हे जात नाही. ही चाळणी मनात ठेवून पुस्तक वाचले तर बरेच गोंधळ टळतील.

तंत्राविषयी थोडे. डोळ्यांपुढे दोन छोटे पडदे, प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळे चित्र, आणि डोके वळेल तसे चित्र वळवणारे संवेदक, एवढाच याचा गाभा. डोके वळल्यापासून चित्र वळेपर्यंतचा वेळ २० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवावा लागतो. तो वाढला की डोळे एक सांगतात, कानातला तोल सांभाळणारा अवयव दुसरेच सांगतो आणि मळमळायला लागते. एका प्रशिक्षण केंद्रात मी हा चष्मा घालून पाहिला. खोली रिकामी होती, फरशीवर चिकटपट्टीने आखलेला चौकोन, चष्म्याच्या कडेचा स्पंज आधीच्या मुलाच्या घामाने ओला. चष्म्यात मात्र संध्याकाळची गल्ली होती आणि दारू प्यालेला एक माणूस दुकानाच्या पायरीवरून उठत नव्हता. मी त्याला नुसत्या शब्दांनी उठवायला गेलो. कोपऱ्यात लॅपटॉपपाशी बसलेल्या हवालदारांनी एक कळ दाबली आणि त्याचा भाऊ गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. माझा आवाज चढला तशी त्यांनी दुसरी कळ दाबली, माणूस पायरीवरून उठला आणि माझ्याकडे चालत आला. चष्मा काढल्यावर हवालदारांनी मला मीच कसा बोललो ते ऐकवले. मी त्या माणसाला प्रत्येक वेळी अरेतुरे केले होते.

त्या खोलीतली महत्त्वाची वस्तू कोणती, हे मला तिथे कळले. ती म्हणजे त्या हवालदारांचा अनुभव. कोणती कळ कधी दाबायची, हे त्यांना चौकीवरच्या नोकरीने शिकवले होते. कोणता प्रसंग लिहिला गेला, त्यात कोण बोलतो, प्रशिक्षणार्थ्याच्या कोणत्या कृतीने गोष्ट कुठे वळते आणि शेवटी त्याच्याशी कोण, काय बोलते, यावर सगळे उभे आहे. चष्मा दुकानात मिळतो. प्रसंग मिळत नाही, तो लिहावा लागतो. माझ्या मते या पुस्तकाचे मर्म इथे आहे, आणि म्हणूनच ते संगणकवाल्यांपेक्षा पोलिसांनी आणि नागरिकांनी वाचावे असे मला वाटते.

या क्षेत्राचा इतिहास सांगणारे बहुतेक जण विमानापासून सुरुवात करतात आणि ते योग्यच आहे. एडविन लिंक या अमेरिकन तरुणाने १९२९ च्या सुमारास वैमानिकांसाठी जमिनीवर डुलणारी, भात्यांवर चालणारी एक पेटी बनवली. तिची आधी जत्रेतले खेळणे म्हणून थट्टा झाली. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहण्याचे काम आले, खराब हवेत वैमानिक मरू लागले, तेव्हा त्या पेटीची किंमत कळली. १९६८ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर घालायचा पहिला पडदा केला. तो इतका जड होता की छतावरून टांगावा लागे. १९८० च्या दशकात जॅरन लॅनिअर यांच्या कंपनीने या सगळ्याचे आजचे नाव प्रचारात आणले. पण सर्वसामान्य खिशाला परवडेल असा चष्मा यायला २०१२ नंतर ऑक्युलस या कंपनीची वाट पाहावी लागली.

पोलिसांकडे हे तंत्र आले ते बंदुकीच्या वाटेने. १९७९ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता जोडी शेक्टर याने निवृत्तीनंतर, १९८४ मध्ये, अमेरिकेत एक कंपनी काढली. तिच्या संचात पडद्यावर प्रसंग चालतो, समोरचा माणूस खिशात हात घालतो, प्रशिक्षणार्थ्याच्या हातातल्या बंदुकीतून लेझर सुटतो, आणि खिशातून पिस्तूल निघाले की पाकीट हे त्याला क्षणात ओळखायचे असते. १९८७ मध्ये एफबीआयने आपल्या क्वांटिकोच्या प्रशिक्षण केंद्रात होगन्स अॅली नावाचे अख्खे खोटे गाव बांधले. तिथे बँक आहे, थिएटर आहे, आणि नट वारंवार दरोडे घालतात. १९९३ मध्ये व्हर्ट्रा ही कंपनी आली, पुढे टेझर बनवणाऱ्या अॅक्सनने चष्मे आणले. ‘गोळी झाडायची की नाही’ हा एकच प्रश्न केंद्रस्थानी ठेवणाऱ्या या सगळ्या परंपरेला आपण शस्त्रशाळा म्हणू. बाजारात जे तयार मिळते त्यातले पुष्कळसे अजून याच शाळेचे आहे.

ही शाळा निरुपयोगी नाही. पण सुलतान बाजारातल्या शिपायाच्या हातात बहुतेक वेळा काठी असते, अनेकदा तीही नसते. त्याच्या नोकरीतल्या शेकडो प्रसंगांपैकी एखाद्यातही तो गोळी झाडणार नाही, अशीच शक्यता जास्त. अमेरिकेत तयार झालेला प्रसंग जसाच्या तसा इथे चालवला तर समोरच्या प्रत्येक माणसाच्या खिशाकडे संशयाने बघण्याची सवय लागेल, आणि ती सवय बडी चावडीत तंबाखूची डबी काढणाऱ्या म्हाताऱ्याला महागात पडेल. लेखकांनी हे थोडे सौम्यपणे मांडले आहे. मी सौम्यपणे मांडणार नाही: गोळीबाराचे आयात प्रसंग हा आपल्या प्रशिक्षणावरचा खर्च नाही, आपल्या रस्त्यावरचा धोका आहे.

दुसरी शाळा ताणाचा अभ्यास करणाऱ्यांची. नेदरलंड्समधल्या आर्ने नीवेनहाउस आणि राउल औडेयान्स यांचे प्रयोग मला सर्वांत बोलके वाटतात. त्यांनी पोलिसांना दोन परिस्थितींत नेम धरायला लावला. एकदा समोर पुतळा, एकदा रंगाच्या गोळ्या उलट झाडणारा माणूस. माणूस समोर असताना त्याच पोलिसांनी घाईने गोळी झाडली, डोळे जास्त मिटले, डोके खाली घातले आणि त्यांचे नेम जास्त चुकले. पुढच्या प्रयोगात भीती वाढल्यावर ते शरण येणाऱ्या माणसावरही जास्त वेळा गोळी झाडतात, असे दिसले. मैदानावर कमावलेले कौशल्य भीतीसमोर गळून पडते. म्हणून थोडी भीती असलेला सराव हवा, हा त्यांचा निष्कर्ष. २०१९ ते २०२२ या काळात युरोपात शॉटप्रोस नावाचा प्रकल्प याच धाग्याने चालला. अनेक देशांची पोलीस दले आणि हायडेलबर्गसारखी विद्यापीठे त्यात होती. नाडीचे ठोके मोजत, आवाज-अंधार-गर्दी यांची मात्रा कमीजास्त करत, ताण ठरवून कसा द्यायचा हे त्यांनी बसवून पाहिले. पीठ मळताना पाणी बेताबेताने घालावे, तसा ताण घालायचा असतो. एकदम घातला तर शिकणे थांबते.

तिसरी शाळा बोलण्याची. प्रसंग चिघळू न देता निभावायचा, समोरचा माणूस मानसिक आजारी आहे की नशेत आहे की नुसता घाबरलेला आहे हे ओळखायचे, अंतर आणि वेळ हाताशी ठेवायचा. अमेरिकेत २०१६ पासून आयकॅट नावाचा असा अभ्यासक्रम चालतो. लुईव्हिल शहरात रॉबिन एंगल आणि सहकाऱ्यांनी त्याचा कसून अभ्यास केला. प्रशिक्षणानंतर बळाच्या वापराच्या घटना २८ टक्क्यांनी कमी झाल्या, नागरिकांच्या आणि पोलिसांच्या जखमाही घटल्या. यात गंमत अशी की तिथे कोणाच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. वर्ग होता, चित्रफिती होत्या, नाट्यप्रवेश होते. परिणाम आशयाचा होता. व्हीआरचा प्रचार करणाऱ्यांनी ही गोष्ट नेहमी आठवावी, आणि विरोध करणाऱ्यांनीही. कारण तोच आशय आडगावच्या ठाण्यापर्यंत पोचवायला नट नेता येत नाहीत, चष्मा नेता येतो.

आणखी दोन प्रवाह आहेत, त्यांचा नुसता उल्लेख करतो. लंडनमध्ये जोनाथन क्रेगो यांनी उभी केलेली हायड्रा ही पद्धत वरिष्ठांसाठी आहे. तीत चष्मा नाही. बंद खोल्यांत तुकड्यांना टप्प्याटप्प्याने माहिती मिळते आणि त्यांचा प्रत्येक निर्णय कारणासह नोंदवला जातो. दुसरा प्रवाह घटनास्थळाचा: आभासी खोलीत प्रेत, रक्ताचा डाग, अर्धवट उघडे कपाट, आणि प्रशिक्षणार्थ्याने कशाला आधी हात लावला याची नोंद. तपासाच्या दृष्टीने मला हा प्रवाह फार आश्वासक वाटतो. खरे घटनास्थळ एकदाच मिळते. आभासी घटनास्थळ पुन्हा पहिल्यासारखे करता येते.

आपल्याकडे काय? हैदराबाद हे देशाच्या पोलीस प्रशिक्षणाचे माहेरघर म्हणावे असे शहर आहे. १९४८ साली माउंट अबूला सुरू झालेली राष्ट्रीय पोलीस अकादमी १९७५ मध्ये इथे शिवरामपल्लीला आली. हिमायतसागरला राज्याची अकादमी आहे. निजामाच्या काळात १९२० पासून शहराचे कोतवाल असलेले राजा बहादूर वेंकटराम रेड्डी यांचे नाव तिला दिले आहे. सिम्युलेटर बनवणारी झेन टेक्नॉलॉजीज ही कंपनीही १९९३ पासून याच शहरातली. लहान शस्त्रांपासून वाहनचालनापर्यंतचे तिचे संच लष्कराच्या आणि पोलिसांच्या कामासाठी तयार होतात. तेव्हा यंत्र इथे बनते, अधिकारी इथे घडतात आणि अवघड गल्ली इथून अर्ध्या तासावर आहे. तरी गल्लीचा प्रसंग यंत्रात जात नाही, हे दुखणे लेखकांना जाणवले आणि त्यातून पुस्तक उभे राहिले.

महाराष्ट्राची परंपराही जुनी आहे. १९०६ मध्ये पुण्याच्या भांबुर्ड्यात सुरू झालेली प्रशिक्षण शाळा १९०९ मध्ये नाशिकला गेली. तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. खंडाळा, मरोळ, जालना, तुरची इथल्या केंद्रांतून शिपाई तयार होतात. पण मराठी वाचकाला मी मुद्दाम एका मराठी माणसाची आठवण करून देतो, कारण पोलिसांच्या चर्चेत त्याचे नाव फारसे निघत नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक प्रा. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने १९७१ मध्ये पोलीस प्रशिक्षणाची समिती नेमली. तिचा अहवाल १९७३ चा. एका समाजशास्त्रज्ञाला हे काम दिले गेले, यातच पुष्कळ आले. कवायत आणि कलमे यांच्या पलीकडे पोलिसाची वृत्ती, समाजाची जाण, माणसाशी वागणे हा प्रशिक्षणाचा विषय असला पाहिजे, असा त्या अहवालाचा रोख होता. पन्नास वर्षांनी आपण तिथेच परत येतो आहोत, चष्मा घालून. फरक एवढाच की तेव्हा वृत्ती शिकवायची म्हणजे व्याख्यान द्यावे लागे. आता चूक करून बघता येते.

आणि आताच हे का, याची कारणे आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण तिने बंधनकारक केले. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असेही तिच्यात आहे. कागदावर चित्रणाचे हे एक कलम. प्रत्यक्षात सुलतान बाजारातल्या दहा फुटी दुकानात फौजदार एका हाताने मोबाइल धरतो, दुसऱ्याने कपाट उघडतो, पंच दारात उभे असतात, मालक ओरडतो, त्याची आई रडते, आणि चित्रणात पंचांचे तोंडच दिसत नाही. हा खटला कोर्टात कुठे लंगडा पडेल ते वकिलाला लगेच दिसते. असा प्रसंग दहा वेळा करून बघायला मिळाला तर अकराव्या वेळी, खऱ्या दुकानात, फोन कोणाकडे द्यायचा ते आधी ठरलेले असेल.

दुसरे कारण पब्लिकच्या हातातल्या मोबाइलचे. शिपायाची प्रत्येक चूक आता संध्याकाळपर्यंत राज्यभर पोचते. तिसरे कारण बायकांचे. या बाजारातली बहुसंख्य गिऱ्हाइके बायका. गर्दीतला धक्का हा अपघात की आगळीक, हे साध्या वेशातल्या पोलिसाला क्षणात ठरवावे लागते. २४ ऑक्टोबर २०१४ पासून हैदराबादेत शी टीम्स नावाची पोलीस पथके हे काम करतात. नव्या मुलीला, आणि विशेषतः नव्या मुलाला, ती नजर कशी द्यायची? पुस्तकातल्या एका प्रसंगात प्रशिक्षणार्थी पुरुषाला गिऱ्हाईक बाईच्या जागी उभे केले आहे. असे दुसऱ्याच्या जागी जाऊन सहानुभूती वाढते का, यावर संशोधकांत एकमत नाही, आणि मीही साशंक आहे. पाच मिनिटांत कोणी बाईचे आयुष्य जगत नाही. पण कुठला हात कुठून येतो हे तरी त्याला दिसेल. तेवढे पुरे.

आक्षेपही मोकळेपणाने मांडायला हवेत. पहिला, स्पर्श. लाठी अडकते, कॉलर ओढली जाते, गर्दीचा रेटा छातीवर येतो. चष्म्यात यातले काही नाही. ज्याने सगळा सराव चष्म्यात केला तो पहिल्या रेट्याला कोलमडेल. दुसरा, नोंदी. प्रशिक्षणार्थ्याची नजर कुठे गेली, नाडी किती वाढली, हात कधी थरथरला, हे सगळे यंत्र साठवते. ही माहिती कोणाची? बढतीच्या वेळी ती बाहेर निघणार असेल तर कोणीही चूक करून शिकायला धजावणार नाही. जो तो सुरक्षित उत्तर देईल. माझे मत स्पष्ट आहे: सरावातली नोंद सरावाबरोबर पुसली गेली पाहिजे. तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर. आभासी गल्लीत गुन्हेगार कोणाच्या रूपात येतो? त्याची टोपी कोणती, बोली कोणती, रंग कोणता? प्रसंग लिहिणाऱ्याच्या मनातला संशय चित्रात उतरला की तो हजार शिपायांच्या मनात एकाच साच्यातून जाईल. ठाण्यातला एखादा पूर्वग्रही हवालदार जे वर्षभरात दहा जणांना शिकवील, ते यंत्र आठवड्यात सगळ्या तुकडीला शिकवील.

म्हणून या पुस्तकाची रीत मला महत्त्वाची वाटते. लेखकांनी प्रसंग एकट्याने लिहिले नाहीत. कापडाचे दुकानदार, हातगाडीवाले, शोभायात्रेचे स्वयंसेवक, शाळेतल्या शिक्षिका, निवृत्त हवालदार यांना बसवून, तोच प्रसंग त्या-त्या बाजूने सांगायला लावून, मग संहिता केली. त्यामुळे प्रत्येक प्रसंगात भाषा बदलते. शिपाई तेलुगूत सुरुवात करतो, समोरचा दखनीत उत्तर देतो, नांदेडच्या बाई मराठीत रडतात. कोणती भाषा निवडली यावर गोष्ट वळते. हे करमणुकीसाठी नाही; भाषेवरून काय घडू शकते याचा इथलाच जुना दाखला आहे. नोव्हेंबर १९२१ मध्ये याच परिसरात, विवेकवर्धिनीच्या थिएटरात, धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समाजसुधारणा परिषद भरली होती. तिथे आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलायला उभे राहिले आणि आपल्या मराठी मंडळींनी गोंगाट करून त्यांना बसवले. त्या अपमानातून आंध्र जनसंघम ही तेलुगू भाषकांची संघटना जन्माला आली. सुशिक्षितांच्या सभेत, कर्व्यांसारख्या माणसासमोर, भाषेवरून एवढे होऊ शकते, तर बाजारात काय होईल याचा हिशोब प्रसंग लिहिणाऱ्याने ठेवायलाच हवा.

पुस्तक कुठे कमी पडते तेही सांगतो. खर्चाचे प्रकरण आशावादी आहे. चष्म्याच्या किमतीचा विचार केला आहे, तो तीन वर्षांनी जुना होतो याचा पुरेसा केलेला नाही. ग्रामीण ठाण्यांबद्दल, जिथे वीजच भरवशाची नाही, जेमतेम दोन पाने आहेत. आणि प्रशिक्षकांच्या प्रश्नाला आणखी जागा हवी होती. आपल्याकडे प्रशिक्षण केंद्रातली नेमणूक अजूनही अनेकांना शिक्षा वाटते. लॅपटॉपवर कळ दाबणारा माणूस नाराजीने बसला असेल तर चष्मा कितीही भारी असला तरी पोरे करमणूक करून घरी जातील.

वाचकाला एक सुचवावेसे वाटते. तुम्ही पोलीस असाल तर प्रसंगांची संहिता आधी वाचा, तंत्राचा भाग नंतर. आणि वाचताना आपल्या हद्दीतली गल्ली डोळ्यांपुढे आणून प्रसंग तिथे बसतो का ते बघा. बसत नसेल तर तो आपल्या शब्दांत लिहून काढा. तुम्ही पोलीस नसाल तर उलट करा: आपल्या चौकात शिपायाशी झालेला शेवटचा खटका आठवा आणि तो दोन्ही बाजूंनी कागदावर उतरवा. अशा कागदांतूनच पुढचे प्रसंग तयार होणार आहेत. पुस्तक मराठीत निघते आहे याचा मला आनंद आहे, नाशिक-जालन्याच्या केंद्रांत ते वाचले जाईल अशी आशाही आहे. पण ज्या ठाण्याच्या हद्दीवर ते बेतले आहे तिथले शिपाई तेलुगू वाचतात आणि तिथल्या दुकानदारांपैकी अनेक जण उर्दू किंवा हिंदी. तेलुगू आणि उर्दू आवृत्त्या लवकर निघाव्यात. त्या कामाला हात लावू शकतील अशी माणसे सुलतान बाजारातच आहेत. प्रकाशकांनी त्यांच्याकडे जावे.